बसवल्या किती, राहिल्या किती

सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारी तांबी हातात घेऊन पाहिली, तर ती फार साधी वस्तू वाटते. पांढऱ्या प्लॅस्टिकची टी आकाराची काडी, उंची ३६ मिलिमीटर, रुंदी ३२. उभ्या दांडीवर बारीक तांब्याची तार गुंडाळलेली आणि दोन्ही आडव्या हातांवर तांब्याची एकेक छोटी नळी चढवलेली. तांब्याचं एकूण उघडं क्षेत्रफळ ३८० चौरस मिलिमीटर, म्हणून नाव कॉपर टी ३८० ए. एक्स-रेमध्ये दिसावी म्हणून प्लॅस्टिकमध्ये बेरियम सल्फेट मिसळलेलं असतं. खाली दोन बारीक दोरे. गर्भाशयात बसल्यावर तांब्याचे अतिसूक्ष्म कण सुटत राहतात, ते शुक्रजंतूंना निकामी करतात आणि गर्भधारणा होत नाही. ही काडी दहा वर्षं वापरता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या दीर्घ अभ्यासात बारा वर्षांत मिळून शंभरातल्या साधारण दोनच बायकांना दिवस गेले. स्त्रीच्या नसबंदीच्या जवळ जाणारा हा आकडा आहे.

दहा वर्षं हे झालं तांबीचं आयुष्य. बसवून घेणारी बाई ती किती दिवस ठेवते, हा प्रश्न वेगळा, आणि कुटुंबनियोजनाच्या इतिहासात तो फार उशिरा विचारला गेला. आपल्या देशात तो न विचारल्याची किंमत किती मोठी होती, ते तांबीच्या आधी आलेल्या लूपच्या गोष्टीत दिसतं.

अमेरिकेतल्या बफेलो शहरातले डॉ. जॅक लिपीस यांनी १९६०च्या सुमारास पॉलिथिलीनचा नागमोडी वळणांचा एक लूप तयार केला. तो स्वस्त होता, सरळ करून बारीक नळीतून आत घालता येत होता आणि आत गेल्यावर आपला आकार परत घेत होता. १९६२ साली न्यूयॉर्कमध्ये गर्भाशयात बसवायच्या साधनांवर पहिली आंतरराष्ट्रीय परिषद झाली आणि लोकसंख्येची चिंता करणाऱ्या साऱ्या देशांचं लक्ष या लूपकडे गेलं. भारताचा सरकारी कार्यक्रम १९५२ पासून सुरू होता, पण हाती फारसं काही लागलेलं नव्हतं. रोज गोळी घ्यायची नाही, नवऱ्याची मनधरणी करायची नाही, एकदा बसवलं की झालं. दिल्लीतल्या नियोजनकारांना हे साधन म्हणजे सुटकेचा मार्ग वाटला. १९६५ मध्ये लूप राष्ट्रीय कार्यक्रमात आला. कानपूरला त्याचा कारखाना उभा राहिला. राज्यांना उद्दिष्टं ठरवून दिली गेली आणि पुढच्या वर्षीपासून प्रत्येक लूपमागे राज्यांना ११ रुपये मिळू लागले.

पहिल्या वर्षात सुमारे आठ लाख लूप बसवले गेले, दुसऱ्या वर्षात नऊ लाखांच्या घरात. मग घसरण सुरू झाली आणि १९६८-६९ पर्यंत हा आकडा पाच लाखांच्याही खाली आला.

काय झालं होतं? लूप बसवल्यावर काही बायकांच्या अंगावरून जास्त जाऊ लागलं, कंबर आणि ओटीपोट दुखू लागलं. काहींचा लूप आपोआप पडला आणि त्यांना कळलंही नाही. दिवस गेल्यावर कळलं. हे सगळं डॉक्टरांना ठाऊक होतं, छापून आलेलं होतं. पण बसवून घेणाऱ्या बाईला ते कुणी सांगितलं नव्हतं. शिबिर शाळेत किंवा चावडीवर भरायचं, पथक यायचं आणि संध्याकाळी निघून जायचं. पंधरा दिवसांनी अंगावरून जायला लागलं तर जायचं कुठं? प्राथमिक आरोग्य केंद्र दूर, तिथं पुरुष डॉक्टर, आणि पाळीबद्दल पुरुषाशी बोलायची सोय त्या काळी कुठल्या घरात होती? मग बायका एकमेकींशी बोलल्या. लूप पोटात वर चढतो, काळजाला लागतो, बाई वाळत जाते, अशा गोष्टी गावोगाव पसरल्या. सरकारी कागदांत त्यांची नोंद ‘अफवा’ अशी झाली. मला त्या अफवांबद्दल आदर वाटतो. त्यांतलं शरीरशास्त्र चुकीचं होतं, गर्भाशयातून काळजाकडे जाणारी वाट नाही. पण आपल्याला न सांगता काहीतरी केलं गेलं आहे हा बायकांचा अंदाज अगदी बरोबर होता.

नियोजनकारांनी मात्र यातून निष्कर्ष काढला तो असा की लूप भारतीय बायकांना मानवत नाही. जोर नसबंदीकडे वळला, कारण तिथं मागे फिरायचा प्रश्नच नव्हता. पुढे आणीबाणीत काय झालं ते महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक १९७६ मध्ये आपल्याच विधिमंडळानं मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते कायदा झालं नाही.

कानपूरला लूप तयार होत होते, त्याच सुमारास अमेरिकेत एक माणूस लूपची मोजदाद निराळ्या रीतीनं करत होता. क्रिस्टोफर टीट्झ हे मूळचे व्हिएन्नाचे डॉक्टर, पुढे संख्याशास्त्राकडे वळलेले. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी व सहकारी सेरा लुइट यांनी १९६३ पासून अनेक दवाखान्यांतून हजारो बायकांची माहिती एकत्र करायला सुरुवात केली. तोवर गर्भनिरोधक साधनं मोजायची रीत म्हणजे रेमंड पर्ल यांचा १९३३ चा निर्देशांक. सगळ्या बायकांनी मिळून किती वर्षं साधन वापरलं ते काढायचं आणि त्यात किती जणींना दिवस गेले ते पाहायचं. सोपा हिशेब, पण त्यात एक खोट आहे. ज्यांना साधन मानवत नाही त्या पहिल्या काही महिन्यांतच बाहेर पडतात. ज्यांना मानवतं त्या वर्षानुवर्षं राहतात आणि त्यांचे बिनधोक महिने हिशेबात साठत जातात. अभ्यास जितका लांबवावा तितकं साधन चांगलं दिसू लागतं.

टीट्झ यांनी विमा कंपन्यांची पद्धत उचलली. जीवनसारणीत जसं पाहतात की पन्नासाव्या वाढदिवसाला हयात असलेल्यांपैकी एक्कावन्नाव्याला किती जण उरले, तसं त्यांनी महिन्यामहिन्यानं पाहिलं. या महिन्याच्या सुरुवातीला लूप असलेल्या किती, अखेरीला किती, आणि मधे गळालेल्या कशामुळे गळाल्या? कारणांचे रकाने वेगळे केले. दिवस गेले, लूप पडला, रक्तस्राव किंवा वेदनेमुळे काढला, इतर आजारामुळे काढला, मूल हवं म्हणून काढला, घरगुती कारणानं काढला. हे रकाने वेगळे करण्यात मोठं शहाणपण होतं. दुसरं मूल हवं म्हणून तीन वर्षांनी तांबी काढणारी बाई आणि अंगावरून जाणं थांबेना म्हणून तीन महिन्यांत काढणारी बाई, दोघी ‘वापर थांबवला’ याच यादीत येतात. पण पहिलीच्या बाबतीत तांबीनं आपलं काम चोख केलेलं असतं. म्हणून इतक्या टक्के बायकांनी तांबी काढली असं कुणी सांगितलं, की पुढचा प्रश्न कारणाचा विचारायचा.

या पद्धतीनं मोजलेल्या अभ्यासांत अलीकडचा सर्वांत बोलका अभ्यास अमेरिकेच्या मिझुरी राज्यातल्या सेंट लुइस शहरातला. २००७ ते २०११ या काळात वॉशिंग्टन विद्यापीठातल्या डॉ. जेफ्री पायपर्ट यांच्या गटानं १४ ते ४५ वयाच्या ९,२५६ जणींना त्यात घेतलं. मुख्य अट ही, की नवं साधन सुरू करायची तयारी हवी. प्रत्येकीला सगळ्या साधनांची माहिती दिली, प्रत्येकाचं यश-अपयश आणि त्रास सांगितले, आणि तिनं निवडलेलं साधन फुकट दिलं. नको झालं तर काढणं किंवा बदलणंही फुकट. मग तिसऱ्या महिन्यात, सहाव्या महिन्यात आणि पुढे दर सहा महिन्यांनी फोन करून विचारपूस.

त्यातल्या ४६ टक्के जणींनी हार्मोन सोडणारं गर्भाशयातलं साधन घेतलं, १२ टक्क्यांनी तांबी, आणि १७ टक्क्यांनी दंडात बसवायची काडी. उरलेल्यांनी गोळ्या, इंजेक्शन, पॅच, रिंग असं काही. वर्षाअखेरीला हार्मोनवाल्या शंभरातल्या ८८ जणींकडे ते साधन होतं, तांबीवाल्यांपैकी ८४ जणींकडे. गोळ्या-इंजेक्शनवाल्यांपैकी मात्र जेमतेम ५५ जणी टिकल्या होत्या. तीन वर्षांनी हार्मोन आणि तांबी दोन्ही ७० वर. दंडातली काडी ५६ वर, गोळ्या-इंजेक्शन वगैरे ३१ वर. पाच वर्षांनी हार्मोनवाल्या सुमारे ५२ आणि तांबीवाल्या सुमारे ५६.

या आकड्यांकडे थोडं सावकाश पाहायला हवं. गोळी रोज आठवणीनं घ्यावी लागते, तांबी विसरली तरी चालते, तेव्हा गोळीपेक्षा तांबी टिकणार हे उघड आहे. पण आत बसणारी ही दोन साधनं पाळीवर अगदी उलट परिणाम करतात आणि तरीही तीन वर्षांनी बरोबरीत येतात, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तांबीनं पाळी वाढते. रक्तस्राव दीडपटीपर्यंत जाऊ शकतो आणि पहिल्या तीन ते सहा महिन्यांत पोटात कळा येतात. हार्मोनच्या साधनानं पाळी कमी होत जाते. सुरुवातीचे काही महिने मधेच डाग पडतात, मग स्राव घटतो आणि वर्षभरानं पाचातल्या एकीची पाळी जवळजवळ बंद होते. काही जणींना ते वरदान वाटतं. काहींना दर महिन्याला धास्ती वाटते, ‘दिवस तर गेले नाहीत ना?’ सेंट लुइसच्या बायकांना आपापल्या साधनाचा हा स्वभाव आधीच माहीत होता. ज्यांना नियमित पाळी हवी आणि हार्मोन नको, त्यांनी तांबी घेतली. ज्यांना पाळीचा जाच होता, त्यांनी दुसरं घेतलं. निवड आधी झाली होती, म्हणून टिकणं पुढे आलं. पहिल्या सहा महिन्यांत काढून टाकणाऱ्या शंभरात साधारण सातच निघाल्या, आणि त्यांचं मोठं कारण पोटातल्या कळा हेच होतं.

त्या बायका मुळातच काहीतरी नवं घ्यायला तयार झालेल्या होत्या, आणि इतका पाठपुरावा रोजच्या दवाखान्यात होत नाही, हे खरं. आपल्याकडच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तांबी वापरणाऱ्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश बायकांनी वर्षाच्या आत ती थांबवल्याचं दिसलं. गोळ्या आणि निरोध थांबवणाऱ्यांचं प्रमाण याहून बरंच जास्त होतं. म्हणजे आपल्याकडेही तुलनेनं तांबीच टिकते. फक्त सेंट लुइसइतकी टिकत नाही.

तसं टिकवायचं, तर आधी आपल्या घरातली पाळी समजून घ्यावी लागेल. पाळी चारऐवजी सात दिवस चालली, तर वैद्यकशास्त्राच्या हिशेबात थोडं रक्त जास्त गेलं. ज्या घरात अजून चार दिवस बाजूला बसायचं असतं, देवाला-लोणच्याला शिवायचं नसतं, तिथं हे तीन दिवस सासूच्या डोळ्यांत भरतात. सणवार अडतात, बोलणी बसतात. त्यात २०१९-२१ च्या पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायकांना रक्तक्षय आढळला आहे. अशा बाईला तांबी बसवताना लोहाच्या गोळ्यांचं बोलणं निघालं नाही, तर काम अर्धवट झालं. हे सांगायला फार वेळ लागत नाही. चांगल्या सिस्टर कसं सांगतात ते पाहा :

“ताई, पहिले तीन महिने पाळी जरा जास्त जाईल. घाबरायचं नाही, पण दिवसाला पाच-सहा पॅड लागायला लागले तर थांबायचं नाही, इकडे यायचं. पाळी झाली की बोटानं दोरा लागतोय का बघायचं. दोरा लागला नाही, फार लांब लागला किंवा टोचल्यासारखं झालं, तर दाखवायला यायचं. आणि नकोच वाटली, तर काढून देऊ. त्यात ओशाळं व्हायचं काही नाही.”

शेवटची दोन वाक्यं सगळ्यांत मोलाची.

हार्मोनचं साधन तांबीहून वेगळं. फिनलंडच्या तापानी लुक्काइनेन यांच्या कामातून ते आलं आणि १९९० मध्ये तिथंच पहिल्यांदा बाजारात उतरलं. त्यात ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल असतं आणि सुरुवातीला रोज सुमारे २० मायक्रोग्रॅम झिरपतं. आधी ते पाच वर्षांनी बदलायला सांगत. २०२२ पासून अमेरिकेत गर्भनिरोधनासाठी आठ वर्षांपर्यंत मान्यता आहे. गर्भाशयाचं आतलं अस्तर त्यानं पातळ राहतं आणि पाळीतला स्राव घटतो, म्हणून अतिरक्तस्रावावर ते उपचारही ठरलं. फिनलंडमध्येच २३६ बायकांचा एक अभ्यास झाला. अतिरक्तस्रावामुळे गर्भपिशवी काढायला पाठवलेल्या या बायकांपैकी निम्म्यांना हे साधन दिलं. पाच वर्षांनी त्यांतल्या ४२ टक्क्यांना अखेर शस्त्रक्रिया करावी लागली. बाकीच्या ५८ टक्क्यांची पिशवी वाचली.

हा आकडा वाचताना मला बीड आठवतं. ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. सरकारनं नेमलेल्या समितीपुढे आलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यामागे आगाऊ पैशांची उचल होती, खाड्याचा दंड होता, उसाच्या फडावर पाणी आणि आडोसा नसणं होतं, खाजगी दवाखान्यांनी घातलेली कॅन्सरची भीती होती. कुठलंही साधन या सगळ्यावर उत्तर नाही. पण त्यांतल्या कितीजणींना पिशवी ठेवून स्राव कमी करणारा मार्ग आहे असं कुणी सांगितलं असेल? हे साधन खाजगीत काही हजार रुपयांना मिळतं, आणि सरकारी कार्यक्रमात मोफत मिळते ती तांबी.

महाराष्ट्रात आजही पाळणा थांबवायचा म्हणजे बाईचं ऑपरेशन. २०१९-२१ च्या पाहणीत राज्यातल्या सुमारे ४९ टक्के विवाहित बायकांची नसबंदी झालेली होती. देशभरात तांबी वापरणाऱ्या विवाहित बायका २.१ टक्के. विशीत लग्न, पंचविशीपर्यंत दोन मुलं आणि ऑपरेशन, हा ठरून गेलेला क्रम आहे. पाळणा लांबवायच्या साधनांची त्यात गरजच कुणाला वाटत नाही. २०१० नंतर सरकारनं प्रसूतीनंतर लगेच, ४८ तासांच्या आत, तांबी बसवण्यावर भर दिला. कल्पना चांगली आहे. बाई दवाखान्यात आलेली असते, गर्भार नाही याची खात्री असते, पुन्हा खेप पडत नाही. मात्र त्या वेळी गर्भाशय मोठं आणि सैल असतं, त्यामुळे तांबी पडून जाण्याचं प्रमाण एरवीपेक्षा जास्त राहतं. म्हणून सहा आठवड्यांनी दोरा तपासणं गरजेचं, आणि नेमकी तेव्हा बाळंतीण माहेरी असते, दुसऱ्या तालुक्यात. शिवाय संमती गरोदरपणातल्या तपासण्यांच्या वेळीच घ्यायला हवी. कळा सुरू असताना विचारलेल्या प्रश्नाला आलेलं ‘हो’ मी संमती मानत नाही. घरी गेल्यावर आपल्याला तांबी बसवल्याचं ज्या बाईला कळतं, ती ती काढायलाच येणार, आणि आपल्या जावांना-नणंदांनाही सांगणार.

पैशांची व्यवस्थाही पाहण्यासारखी आहे. प्रसूतीनंतरच्या तांबीमागे बसवणाऱ्याला आणि आशा ताईला दीडशे-दीडशे रुपयांची तरतूद झाली. दोन मुलांत तीन वर्षांचं अंतर राहिलं तर आशा ताईला पाचशे रुपये, ही योजना त्याहून शहाणी, कारण तिचं लक्ष टिकण्याकडे आहे. पण वर्षभरानं एखाद्या बाईला जाऊन ‘कशी आहे तब्येत, दोरा लागतो का’ असं विचारण्याचं मोल कुणी धरलेलं नाही. आरोग्य केंद्राच्या मासिक अहवालात बसवलेल्यांचा आकडा लगेच सापडतो. वर्षाअखेरीला राहिलेल्यांचा मी विचारला, तेव्हा तो कुणाकडे नव्हता.

काढून घ्यायला येणाऱ्या बाईला काय वागणूक मिळते, यावरून मी दवाखान्याची पारख करतो. काढायला क्षणभर पुरतो. चिमट्यानं दोरा धरून सावकाश ओढला की टीचे दोन्ही हात वर मिटतात आणि तांबी बाहेर येते. त्यानंतर गर्भधारणेची क्षमता लवकर परत येते. तरीही बायकांना ऐकावं लागतं, ‘आत्ताच तर बसवली, एवढ्यात काय काढता?’ किंवा ‘नवऱ्याला घेऊन या.’ अशा बाईची तांबी आणखी चार महिने राहते आणि कागदावर टिकण्याची टक्केवारी सुधारते, पण ती टक्केवारी खोटी असते. ती बाई पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढत नाही, आणि तिच्या वस्तीतली दुसरी कुणीही तांबीसाठी तिथं जात नाही. काढणं सोपं, मोफत आणि प्रश्न न विचारता असलं, की बसवायला येणाऱ्या बायका वाढतात आणि आलेल्या जास्त दिवस राहतात. सेंट लुइसमध्ये दार दोन्ही बाजूंनी उघडं होतं.

वयाचाही एक हिशेब आहे आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचनांनुसार चाळिशीत किंवा त्यानंतर बसवलेली तांबी दहा वर्षांनी बदलावी लागत नाही. ती रजोनिवृत्तीपर्यंत राहू शकते. ५२ मिलिग्रॅमचं हार्मोनचं साधन पंचेचाळिशीनंतर बसवलं असेल, तर गर्भनिरोधनासाठी पंचावन्नपर्यंत चालतं. पण पाळी कायमची गेल्यावर तांबी काढून घ्यायची असते. साठी-सत्तरीतल्या बायकांच्या सोनोग्राफीत किंवा एक्स-रेमध्ये तीस-चाळीस वर्षांपूर्वीची विसरलेली तांबी किंवा लूप सापडल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत वेळोवेळी छापून येतात. म्हणून बसवल्याची तारीख आणि प्रकार लिहिलेलं कार्ड दवाखान्यातून मागून घ्यावं आणि रेशनकार्ड-आधारच्या पिशवीत ठेवावं. घरात आई, मावशी किंवा सासूनं पूर्वी तांबी बसवली होती आणि काढल्याचं तिला आठवत नसेल, तर एकदा तपासणी करून घ्यावी. आत असेल तर बहुतेक वेळा ती दवाखान्यातच निघते. दोरा तुटलेला किंवा दिसेनासा झाला असला, तर पुढच्या उपचाराची गरज पडू शकते.